चौघांची हजेरी : जुन्या इंजेक्शन गाड्यांचं मिसिंग शोधताना

प्रस्तावना

चिकोडीतल्या एखाद्या गॅरेजसमोर सकाळी नऊच्या सुमाराला उभं राहिलं, तर गाडी वळणावर दिसायच्या आधी तिचं दुखणं ऐकू येतं. चार सिलिंडरचं निरोगी पेट्रोल इंजिन जागच्या जागी मिनिटाला साधारण ९०० फेरे मारतं. म्हणजे प्रत्येक सिलिंडर सेकंदाला साडेसात वेळा पेटतो आणि चौघं मिळून तीस वेळा. हे तीस ठोके कानाला सुटे कळत नाहीत, त्यांची सलग गुणगुण होते. चौघांपैकी एकाने दांडी मारली की त्या गुणगुणीत खड्डा पडतो. गाडी उभ्या उभ्या डुलते, आरसा थरथरतो, गिअरचा दांडा हलत राहतो आणि सायलेन्सरमधून 'फट्... फट्' असा तुटक सूर येतो. गॅरेजच्या भाषेत गाडी 'मिसिंग' करते. मालक मराठी, मेस्त्री कन्नड आणि हाताखालचा पोरगा दोन्ही बोलणारा असला, तरी या शब्दापुरते तिघं एकाच भाषेचे असतात.

समजा, अशीच २००१ सालची एक छोटी गाडी दारात आली आहे. नंबर अर्थातच केए-२३, म्हणजे चिकोडी आरटीओचा. मालकाने आधीच नवे प्लग टाकलेत. प्लगच्या वायरी बदलल्यात. कुणाच्या तरी सांगण्यावरून इंजेक्टर काढून धुऊन आणलेत. पाहुण्यांच्या ओळखीने कोल्हापूरहून जुना ईसीएम, म्हणजे गाडीचा 'कंप्युटर', आणून लावून पाहिलाय. खर्च झाला, मिसिंग आहे तिथेच आहे. आता जमलेल्यांपैकी एक म्हणतो पंप गेला, दुसरा म्हणतो इंजिन खोला, तिसरा म्हणतो विकून टाका.

हे पुस्तक या घोळक्यातल्या माणसांसाठी लिहिलेलं आहे. त्याचं म्हणणं मांडायला दोन वाक्यं पुरतात. एखादा भाग बदलण्याआधी गाडीला एक प्रश्न विचारायचा. आणि तो असा निवडायचा की उत्तर 'हो' आलं काय नि 'नाही' आलं काय, निम्मे संशयित तिथल्या तिथे सुटले पाहिजेत.

या गाड्यांना 'क्लासिक' म्हणायचं का, यावर दुमत होऊ शकतं. केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. त्यांत पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज धरली जाते. त्या मापाने कोल्हापूरच्या दसऱ्याला लोक डोळे भरून पाहतात ती छत्रपती घराण्याची मेबॅक कुठल्या कुठे पुढे निघून गेली, आणि पंचवीस वर्षांची झेन अजून पोरसवदाच ठरते. पण गॅरेजात कायद्याचं माप चालत नाही. ज्या गाडीचा सेन्सर कंपनीच्या काउंटरवर सहजी मिळत नाही, जिच्या वायरिंगचा नकाशा हातात असलेला माणूस शोधावा लागतो आणि जिला आजचा स्कॅनर लावायला नीट जागाही नसते, ती गाडी मेस्त्रीच्या लेखी जुनीच. या पुस्तकाचा विषय अशी गाडी आहे. तिच्यात कार्बुरेटर नाही, इंजेक्शन आहे. मात्र हे इंजेक्शन पहिल्या पिढीचं, कमी सेन्सरचं आणि कमी बोलकं आहे.

मोटारीच्या पेट्रोल इंजिनात इंजेक्शन आलं त्याला सत्तर वर्षं होऊन गेली. १९५४ सालच्या मर्सिडीज ३०० एसएल या गाडीत यांत्रिक पंप थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारत होता. पण ती शर्यतीच्या रक्ताची, श्रीमंतांची गाडी. सर्वसामान्यांच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं १९६७ साली, फोक्सवॅगन १६०० मध्ये, आणि त्यामागे वेगाची हौस नव्हती. कॅलिफोर्नियाने गाड्यांच्या धुरावर बंधनं घातली होती आणि कार्बुरेटरला इतकं काटेकोर मोजमाप झेपत नव्हतं. बॉश कंपनीच्या त्या व्यवस्थेचं नाव डी-जेट्रॉनिक. यातला 'डी' हा जर्मन भाषेतल्या दाब या शब्दाचा, कारण इंजिन किती हवा ओढतंय याचा अंदाज ती मॅनिफोल्डमधल्या दाबावरून बांधत असे. सत्तरच्या दशकात तिच्या दोन बहिणी आल्या. के-जेट्रॉनिकमध्ये पेट्रोलची धार अखंड चालू असे. एल-जेट्रॉनिकमध्ये वाटेत बसवलेली एक झडप आत जाणारी हवा मोजत असे. १९७६ मध्ये व्होल्वोने जळलेल्या धुरातला प्राणवायू मोजणारा सेन्सर आणला. १९७९ मध्ये बॉशच्या मोट्रॉनिकने इंजेक्शन आणि ठिणगी या दोन्हींचा कारभार एका डब्यात आणला. आज चिकोडीत उभ्या असलेल्या बहुतेक जुन्या इंजेक्शन गाड्यांचं कुळ या नावांपैकी कुठल्या ना कुठल्या नावाशी जाऊन मिळतं, मग बॉनेटवर चिन्ह जपानचं असो की कोरियाचं.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं आणि मग एका दमात आलं. १९९५ची सिएलो, १९९८ची होंडा सिटी आणि त्याच वर्षीची सँट्रो या गाड्यांनी 'एमपीएफआय' ही चार इंग्रजी अक्षरं जाहिरातींत आणि मागच्या काचेवर आणली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या नव्या गाड्यांना युरोपच्या धर्तीचे धुराचे नियम लावायला सांगितलं. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. त्याच वर्षी मारुती ८०० लाही इंजेक्शन मिळालं. पाच-सात वर्षांत नव्या गाडीतून कार्बुरेटर हद्दपार झाला. त्या काळात मध्यमवर्गाने कर्ज काढून घेतलेल्या या गाड्याच आज तिसऱ्या-चौथ्या हातात आहेत. शिक्षकाने घेतली, पुतण्याने चालवली, आता मळ्यात दूध आणि खताची पोती वाहते आहे.

या बदलात मेस्त्रीच्या कसबाचं काय झालं, हा या पुस्तकाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. या मुलखाला यंत्राची सवय जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचं दुकान काढलं ते १८८८ साली, बेळगावात. नांगर, कडबा कापायचं यंत्र, पंप आणि किर्लोस्करवाडी हे सगळं त्यानंतरचं. इकडे कोल्हापूरच्या उद्यमनगरात शाळेची पायरी फारशी न चढलेल्या मेस्त्रींनी ऑइल इंजिनं घडवली. बघून, ऐकून, हात लावून शिकायचं ही या कारागिरीची रीत होती, आणि कार्बुरेटर त्या रीतीला साजेसा होता. दोन स्क्रू फिरवायचे, कान लावायचा, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून धुराचा दाब बघायचा. जाणता मेस्त्री चोकची तार ओढून सांगायचा की मिश्रण पातळ आहे की जाड.

इंजेक्शनने ते दोन स्क्रू काढून घेतले. त्याजागी आली एक बंद पेटी आणि वायरींचा झुबका. मग गॅरेजात दोन टोकाच्या सवयी जडल्या. काहींनी इंजेक्शनला हात लावणंच सोडलं. काहींनी सगळ्या दुखण्यांचं खापर पेटीवर फोडायला सुरुवात केली : 'साहेब, कंप्युटर गेलाय.' प्रत्यक्षात त्या गाडीतली सगळ्यात टिकाऊ वस्तू बऱ्याचदा तीच पेटी असते. तिला मिळणारी बातमी खोटी असते, किंवा तिने दिलेला हुकूम पोचवणारी वायर तुटलेली असते.

पेटीला बातम्या तरी किती मिळतात? जुन्या गाडीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. इंजिन किती वेगाने फिरतंय, मॅनिफोल्डमध्ये दाब किती आहे किंवा हवा किती येतेय, ॲक्सिलरेटरची झडप किती उघडी आहे, आत येणारी हवा आणि इंजिनातलं पाणी किती तापलंय, आणि जळलेल्या धुरात प्राणवायू किती उरलाय. एवढ्यावरून ती ठरवते की इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा. जागच्या जागी चालताना हा वेळ दोन-तीन मिलिसेकंदांचा असतो. या हिशेबात एक जरी आकडा चुकीचा शिरला, तर गणित बरोबर आणि उत्तर चूक अशी गत होते.

पाण्याच्या तापमानाचा सेन्सर घ्या. दिसायला बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा. थंड असताना त्याचा विद्युत रोध जास्त असतो आणि तापेल तसा कमी होतो. बहुतेक गाड्यांत २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. तो बिघडला आणि इंजिन तापल्यावरही 'थंड आहे' असंच सांगत राहिला, तर पेटी बिचारी पेट्रोल वाढवत राहते. गाडी चोक ओढून ठेवल्यासारखी वागते. प्लग काळे पडतात, ॲव्हरेज कोसळतं, जागच्या जागी इंजिन गडगडतं. याची परीक्षा घ्यायला स्कॅनर लागत नाही. चहाचं पातेलं, पाणी, थर्मामीटर आणि मल्टिमीटर एवढं पुरतं. सेन्सर दोऱ्याने पाण्यात लोंबकळत सोडायचा, खाली गॅस लावायचा आणि दर दहा अंशांना आकडा लिहायचा. आकडा पायरी पायरीने उतरत गेला तर सेन्सर निर्दोष. मध्येच अडकला किंवा उडी मारली तर चोर सापडला. पुस्तकात या परीक्षेचा तक्ता दिलाय आणि शेजारी वाचकाने स्वतःचे आकडे लिहायला रिकामा रकाना ठेवलाय.

दाबाच्या सेन्सरची गोष्ट आणखी गमतीची, कारण तिथे गाव मध्ये येतं. चिकोडी समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरपेक्षा उंचावर आहे. चावी 'ऑन' केली पण इंजिन चालू केलं नाही, तर मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेइतकाच दाब असतो. समुद्रकाठी तो १०१ किलोपास्कलच्या आसपास भरतो, चिकोडीत ९३-९४. म्हणजे जुन्या गाडीला जोडता येणारा स्कॅनर हाती असेल तर चावी फिरवताच सेन्सरची पहिली परीक्षा होऊन जाते. आकडा १०१ दिसला तर सेन्सर चिकोडीत बसून मुंबईची हवा सांगतोय. हीच गोष्ट व्हॅक्यूम गेजची. परदेशी पुस्तकांतले आकडे समुद्रसपाटीचे असतात आणि साधारण दर तीनशे मीटरला सुई एक इंच खाली येते. छापील पुस्तक निरोगी इंजिनासाठी पाऱ्याचे १८ इंच सांगत असेल, तर चिकोडीत १६ हाही निरोगीच आकडा. हे ठाऊक नसलेल्या माणसाने धडधाकट इंजिन उघडलं तर त्यात नवल नाही.

आता मिसिंगचा मुख्य प्रश्न : गैरहजर कोण? पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण या हजेरीचं आहे. पूर्वी मेस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर ओढून काढायचे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये तिथे वीसतीस हजार व्होल्ट असतात. हाताला झटका बसतो, पेटीलाही बसू शकतो, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं. त्याचा जाळीदार गाभा वितळायला तेवढं पुरतं. म्हणून वायरीला हात लावायचा नाही, इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा. पेट्रोलच बंद, त्यामुळे जाळायलाही काही नाही.

एक नंबरचा कनेक्टर काढला : इंजिन दबलं, आवाज बदलला. हजर. परत लावला. दोन नंबर : पुन्हा दबलं. हजर. तीन नंबर : काही फरक नाही, होतं तसंच चालतंय. चार नंबर : दबलं. म्हणजे गैरहजर तीन नंबर. पाच मिनिटांत चार सिलिंडरांपैकी तीन संशयातून सुटले, आणि सगळ्या सिलिंडरांना सामाईक असलेल्या वस्तूही मागे पडल्या. पंप कमजोर असता, पेट्रोलचा दाब पडला असता किंवा पाण्याचा सेन्सर खोटं बोलत असता, तर त्रास चौघांना झाला असता, एकट्या तिसऱ्याला नाही.

पुढची पायरी अदलाबदलीची. तीनचा प्लग एकमध्ये आणि एकचा तीनमध्ये. दांडी प्लगबरोबर एक नंबरला गेली तर प्लग दोषी, तिथेच राहिली तर प्लग सुटला. काढलेला प्लग मात्र आधी उजेडात धरून बघायचा. टोकाचा रंग भाजलेल्या बिस्किटासारखा असेल तर जळण नीट होतंय. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका चुन्यासारखा रंग म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. तेलकट ओला काळा रंग दिसला तर दोष पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलकडे बोट दाखवतो. इंजेक्टर चालतोय का हे ऐकायला लांब स्क्रू-ड्रायव्हर डॉक्टरच्या नळीचं काम करतो. पातं इंजेक्टरवर, मूठ कानाशी. आत घड्याळाच्या सेकंदकाट्यासारखी, पण घाईची टिकटिक ऐकू येते. चारही टिकटिक सारख्या हव्यात. मल्टिमीटरने कॉइलचा रोधही बघता येतो. त्या पिढीच्या बऱ्याच इंजेक्टरांत तो १२ ते १६ ओहम असतो.

त्यानंतर कॉम्प्रेशन. चारही प्लग काढायचे, गेज लावायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा. चौघांचे आकडे जवळपास असायला हवेत. एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक खाली असेल, तर कुठलाही सेन्सर बदलून उपयोग नाही. व्हॉल्व्ह बसत नाही, गॅस्केट फुटलंय किंवा रिंगा झिजल्यात. चौघांचेही सारखेच कमी असतील तर टायमिंग बेल्ट एखादा दात सरकला आहे का ते बघावं. कंप्युटरच्या काळातही हा भाग पूर्णपणे जुन्या मेस्त्रींच्या अखत्यारीत आहे, आणि पुस्तकाने तो मुद्दाम तिसऱ्या प्रकरणात, इंजेक्शनच्या आधी घेतलाय.

वायरिंगचं प्रकरण मात्र लांबलं आहे. पंचवीस वर्षं पाऊस, धूळ आणि इंजिनची धग खाल्लेल्या वायरी बाहेरून शहाण्यासारख्या दिसतात आणि कनेक्टरच्या आत हिरवा गंज धरून बसतात. इंजिनची अर्थ वायर सैल असेल तर सगळेच सेन्सर थोडे थोडे खोटं बोलू लागतात. त्याची परीक्षा सोपी आहे. बॅटरीच्या निगेटिव्हवर मल्टिमीटरचं एक टोक, इंजिनच्या ब्लॉकवर दुसरं, दिवे-पंखे चालू. एका व्होल्टच्या पाचव्या हिश्शाहून जास्त दिसलं तर अर्थ घासून पुन्हा आवळायची. ग्रामीण भागात वायरिंगचा आणखी एक गिऱ्हाईक असतो, तो म्हणजे उंदीर. उसाच्या फडाशेजारी चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत त्याला उबदार घर मिळतं आणि कुरतडायला वायरी. बॉनेटखाली तंबाखू ठेवण्याचा तोडगा देशभर सांगितला जातो. निपाणीच्या तंबाखूच्या मुलखात त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. तोडगा लागू पडो न पडो, मिसिंगची गाडी आली की फायरवॉलमागचा झुबका हाताने चाचपून बघावा, ही सूचना पुस्तकात तीन ठिकाणी आली आहे.

पेट्रोलचं प्रकरण या भागातल्या वाचकाला सगळ्यात जवळचं वाटेल. दूधगंगा-वेदगंगेच्या काठचा ऊस कारखान्यात जातो. साखर कारखान्यांच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल होतं, आणि ते पेट्रोलमध्ये मिसळून त्याच शेतकऱ्याच्या टाकीत परत येतं. देशाने २०२२च्या जूनमध्ये १० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूत २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलच्या विक्रीला सुरुवात झाली. २००१च्या गाडीचा हिशेब मात्र शुद्ध पेट्रोलचा आहे : एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा. २० टक्के इथेनॉल असलेल्या मिश्रणाला साडेतेरा भागांच्या आसपास हवा पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. प्राणवायूचा सेन्सर धडधाकट असेल तर पेटी हा फरक बऱ्याच अंशी भरून काढते. सेन्सर म्हातारा झाला असेल, किंवा इंजिन अजून थंड असल्याने पेटी त्याचं ऐकतच नसेल, तर मिश्रण पातळ पडतं. सकाळी पहिल्या दहा मिनिटांत गचके आणि नंतर सगळं सुरळीत, या तक्रारीमागे अनेकदा हे असतं.

त्यात इथेनॉलला पाण्याची ओढ. महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभ्या राहिलेल्या गाडीत ते हवेतला ओलावा ओढत राहतं. जुन्या रबरी नळ्या आणि सील फुगतात, कडक होतात किंवा चिरतात. टाकीत सुटलेला गंज फिल्टरमध्ये जाऊन बसतो. फिल्टर तुंबला की जागच्या जागी काही कळत नाही. पेट्रोलची मागणी वाढते तेव्हा कळतं. इथे तवंदी घाट कामाला येतो. निपाणीच्या दक्षिणेला महामार्ग चढू लागतो तिथे, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून गाडीवर ओझं टाकायचं. घाटात गचके आणि सपाटीवर ठीक असेल, तर आधी पेट्रोलचा दाब मोजा. बहुतेक गाड्यांत तो अडीच ते तीन बार हवा. उलट, सिग्नलला किंवा बसस्टँडसमोर थांबल्यावर मिसिंग आणि घाटात इंजिन सुरेल, तर पेट्रोल कमी पडत नाहीये. मग कुठून तरी चोरटी हवा आत येतेय.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गाडी जागच्या जागी असते तेव्हा ॲक्सिलरेटरची झडप जवळपास बंद असते, त्यामुळे मॅनिफोल्डमधली ओढ सर्वांत जास्त आणि रीतसर येणारी हवा सर्वांत कमी. अशा वेळी सुईच्या टोकाएवढ्या चिरेतून आलेली हवाही मिश्रण बिघडवायला पुरेशी होते. घाटात झडप सताड उघडी असते, हवेचा लोंढा येत असतो, त्यात ती चोरटी धार कुणाच्या खिजगणतीत नसते.

जुन्या गाड्यांपुढची शेवटची अडचण म्हणजे त्यांची बोली. आपल्याकडे गाडीने आपले दोष एका ठरावीक प्लगमधून आणि ठरावीक कोडांत सांगावेत अशी सक्ती टप्प्याटप्प्याने आली, तीही २०१०नंतर. त्याआधीची प्रत्येक कंपनी आपापल्या बोलीत बोलत होती. काही गाड्यांत दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडली की डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. त्या काळच्या अनेक सुझुकी इंजिनांत एकदा लुकलुक, मग थांबून दोनदा, म्हणजे १२, याचा अर्थ 'सगळं ठीक'. तो कोड बघून दोष सापडला म्हणून आनंदणारी मंडळीही असतात. कोड कसे वाचायचे आणि त्यांतल्या किती शब्दांवर विश्वास ठेवायचा, यावर स्वतंत्र परिशिष्ट आहे.

पुस्तक वापरायचं कसं, तेही सांगायला हवं. ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायचं नाही. आधी प्रश्नावली भरायची, आणि तिच्या उत्तरांनी ज्या प्रकरणाचा नंबर काढला त्या प्रकरणात जायचं. हत्यारं थोडी लागतात : मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज, पेट्रोल प्रेशर गेज, व्हॅक्यूम गेज, प्लगपाना आणि न्हाव्याच्या दुकानात असतो तसला पाण्याचा फवारा. पेट्रोलची नळी सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे नळीतला दाब उतरतो. शेजारी विडी पेटवलेला माणूस उभा नाही ना, हेही आधी बघायचं.

दारात उभ्या असलेल्या त्या केए-२३ गाडीकडे आता वळता येईल. हजेरीत तीन नंबर गैरहजर. त्याचा प्लग पांढुरका. प्लग बदलून दांडी हलली नाही. इंजेक्टरची टिकटिक बाकीच्यांसारखीच, रोध १४ ओहम. कॉम्प्रेशन चौघांचं जवळपास सारखं. घाटात गाडी सुरेल चढते, म्हणजे तिसऱ्याला पेट्रोल पुरतंय. उरली चोरटी हवा, आणि तीही फक्त तीन नंबरच्या वाटेवरची. पोरगा फवारा घेतो आणि इंजिन चालू असताना तीन नंबरच्या मॅनिफोल्डच्या नळीवर, जोडांवर, खालच्या अंगाला एकेक चूळ पाणी मारत जातो. नळीच्या खालच्या बाजूला, नजरेआड, एक छोटी टोटी आहे. या मॉडेलमध्ये ती वापरात नाही, म्हणून तिच्यावर करंगळीच्या टोकाएवढी रबरी टोपी बसवलेली. तिथे पाणी पडताच इंजिनचा सूर क्षणभर बदलतो. पोरगा हात खाली घालून त्या टोटीवर बोट दाबून धरतो. गुणगुण सलग होते, आरसा स्थिर होतो. बोट काढलं की पुन्हा फट्, फट्.

टोपी उन्हापावसात कडक होऊन चिरली आहे. तिच्या जागी नवी बसवायला पाच मिनिटं लागतात. मागच्या सीटवर पिशवीत काढलेल्या वायरी, चार जुने प्लग आणि कोल्हापूरहून आणलेला दुसरा ईसीएम तसाच पडलेला असतो. त्या गाडीच्या मालकाला कुणी आधी एवढंच विचारलं असतं की मिसिंग उभ्या गाडीत येतं की चढावर, तर पिशवी रिकामी राहिली असती. पान उलटल्यावर प्रश्नावली सुरू होते, आणि तिच्यात पहिला प्रश्न तोच आहे.